गुडघ्यापाशी अडलेलं वजन

माझे अब्बा सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहत. शंभर किलोचं पोतं जमिनीवरून निघायचं, पण गुडघ्यापाशी येऊन थबकायचं. तेवढ्यात समोरचा हमाल हात लावायचा आणि पोतं पाठीवर जायचं. तो हात आला नाही तर काय, ही भीती मला लहानपणी फार वाटे.

डेडलिफ्टमध्ये असा हात लावायला कुणी नसतं. जमिनीवरचा बार उचलायचा आणि ताठ उभं राहायचं, एवढाच खेळ. जर्मनीच्या हेर्मान ग्योर्नरनं १९२० साली लाइपझिगमध्ये एका हातानं ३३० किलो उचलले. एका हातानं! आम्हां कवींना लेखणीही जड होते.

पुष्कळांचा बार अडतो तो गुडघ्याच्या आसपास. सुरुवातीला पाय जमिनीला रेटा देतात. गुडघे सरळ होत आले की पायांचं काम संपत येतं आणि भार कंबर-पाठीवर येतो. बार अंगापासून चार बोटं जरी पुढं सरकला तरी पाठीवरचा ताण एकदम वाढतो. वेगही तिथंच मरतो. म्हणून जाणते लोक बार नडगीला घासत वर आणतात. कुणी हलकं वजन मुद्दाम गुडघ्याखाली क्षणभर थांबवून मग उचलतात, कुणी बार लाकडी ठोकळ्यांवर ठेवून नेमक्या त्या उंचीपासून सराव करतात. इंग्लंडच्या अँडी बोल्टननं कमी वजन झपाट्यानं उचलण्यावर भर दिला. जमिनीपासूनच गती मिळाली की अडचणीची जागा ओलांडता येते, हे त्यामागचं गणित. २००६ साली तो हजार पौंडांच्या पलीकडे गेला. त्यानं १००३ पौंड, म्हणजे सुमारे ४५५ किलो उचलले. तोवर स्पर्धेत कुणी हजार ओलांडले नव्हते.

पुढची भिंत ५०० किलोंची. एडी हॉलची आधीची मजल ४६५ किलोंची. जुलै २०१६ मध्ये लीड्सला त्यानं थेट ५०० उचलले. मनगटाला पट्टे होते, त्या प्रकारात ते चालतात. पण नाकातून रक्त आलं आणि बार खाली ठेवताच तो कोसळला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी असतो तर माझे हात थांबले असते, हे कबूल करतो.

आइसलंडच्या हाफथोर ब्योर्नसननं मे २०२० मध्ये, साथीच्या बंदीत, प्रेक्षकांविना ५०१ किलो उचलले. २०२५ साली तो ५१० वर पोचला.

अब्बांना मी हे आकडे सांगितले असते, तर त्यांनी आधी विचारलं असतं, “आणि हात कुणी लावला?”