दिवस राहत नाहीत? आधी थायरॉइड तपासा

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, पाळणा हलत नाही. मग देवाला कौल लावून होतो, नवस बोलून होतो आणि बोट सुनेकडे दाखवलं जातं. पेडणे-डिचोलीत काय किंवा पत्रादेवीपलीकडे बांदा-दोडामार्गात काय, चित्र सारखंच. यात एक साधी रक्ततपासणी मात्र अनेकदा राहून जाते, ती म्हणजे टीएसएच.

थायरॉइडचा आणि गर्भधारणेचा संबंध काय?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिचं काम मंदावलं की मेंदू तिला जागं करण्यासाठी जास्त संदेश पाठवतो. या संदेशांमुळे काही वेळा प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं संप्रेरकही वाढतं. त्यामुळे अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटण्याची क्रिया बिघडते. पाळी पुढे जाते, चुकते किंवा अंगावरून जास्त जातं. दिवस राहिले तरी गर्भपाताचा धोका वाढतो.

लक्षणं

सतत थकवा, वजन वाढणं, थंडी जास्त वाजणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, कोरडी त्वचा, अनियमित पाळी. कित्येकींना काहीच जाणवत नाही, म्हणून तपासणी महत्त्वाची.

मिठाचं काय?

थायरॉइडला आयोडीन लागतं. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातलं गावठी मीठ चवीला चांगलं, पण त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा. समुद्राच्या मासळीतूनही आयोडीन मिळतं. पण आज बऱ्याच जणींचा थायरॉइड शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यामुळे मंदावतो. हा त्रास मीठ बदलून बरा होत नाही आणि जादा आयोडीन घेतल्यास उलट अपायही होऊ शकतो.

तपासणी कधी करायची?

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर नवरा-बायको दोघांनी डॉक्टरकडे जावं. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावं. बाईची टीएसएच तपासणी होते, तशी पुरुषाची वीर्यतपासणीही व्हायला हवी. दोष एकट्या बाईचा धरू नये.

उपचार

थायरॉक्सिनची गोळी स्वस्त आहे. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानंतर. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी घ्यावी. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करतात. मूल हवं असणाऱ्या आणि गोळी चालू असलेल्या बाईचा टीएसएच साधारण २.५ च्या आत ठेवण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. किंचित वाढलेल्या टीएसएचला प्रत्येक वेळी औषध लागतंच असं नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सगळ्यात मोठी चूक

दिवस राहिले की "आता औषधं नकोत" म्हणून गोळी बंद करणं. असं कधीही करू नका. सुरुवातीचे काही महिने बाळ आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असतं आणि त्याच्या मेंदूची वाढ त्यावर ठरते. गर्भारपणात बहुतेकींना डोस वाढवावा लागतो. म्हणून पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना कळवा.

कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रापासून करा. पुढची सोय म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आहे. बांबोळीत सप्टेंबर २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवाही सुरू झाली. गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे २०१८ पासून शुल्क लागू झालं. त्यामुळे सिंधुदुर्गातून जाणाऱ्यांनी शुल्क आणि योजनांचे नियम आधी विचारून घ्यावेत.

थायरॉइड हे वंध्यत्वाचं एकमेव कारण नव्हे. पण आयव्हीएफसाठी कर्ज काढण्याआधी आणि सुनेला बोल लावण्याआधी ही तपासणी झालेली असावी.


(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं.)