वडाच्या हरणाची पाळी

लेण्यांच्या आणि शिवनेरीच्या गावात येऊन आम्ही कार्टूनवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांपैकी एक-दोघांना हसू आलं. साहजिकच आहे. पण आजच्या चित्रपटाची गोष्ट हरणांची आहे, शेतातल्या पिकाची आहे, आणि कुणाचा जीव कुणासाठी जावा याची आहे. जुन्नर-आंबेगावात हा विषय परका नाही.

चित्रपटाचं नाव ‘द बनियन डिअर’, साल १९५७, निर्मिती मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनची. हलत्या चित्रांचा खटाटोप आपल्याकडे त्याआधीही झाला होता. दादासाहेब फाळक्यांनी युद्धकाळात कच्च्या फिल्मची टंचाई असताना ‘आगकाड्यांची मौज’ केली, त्यात काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. पुढे १९३४ मध्ये पुण्यात प्रभातने ‘जंबूकाका’ काढला. पण हे एकेकट्याचे प्रयोग. चित्रकारांची पिढी घडवायची तर पगार, जागा आणि शिकवणारा माणूस लागतो. तो योग १९५६ साली आला. फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून फिल्म युनिट निघालं आणि अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्यातून क्लेअर वीक्स शिकवायला आले. वीक्स भारतातच जन्मलेले, मिशनरी घरातले, आणि डिस्नेच्या स्टुडिओत ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’, ‘पीटर पॅन’ अशा परीकथांवर हात बसलेले. ‘बॅम्बी’च्या वेळी तिथे चित्रकारांसमोर जिवंत पाडसं आणून ठेवली होती, हरणाचा सांधा कुठे वाकतो ते कळावं म्हणून. ते बघणं वीक्स यांच्याबरोबर मुंबईत आलं. त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन ही मंडळी होती.

काम किती किचकट, त्याचा हिशेब सांगतो. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी मिनिटाला सातशेवीस चित्रं झाली. प्रत्येक चित्र आधी कागदावर पेन्सिलीने, मग पारदर्शक पत्र्यावर शाईने, मग त्याच पत्र्याच्या पाठीमागून रंग, आणि शेवटी कॅमेऱ्याखाली एकेक. हरणाने नुसती मान वळवायची तर चित्रकाराचा दिवस जायचा. आज संगणकावर बसलेल्या मुलांना हे सांगितलं की त्यांना ती शिक्षा वाटते.

आता गोष्ट. परीकथा म्हणून त्यांनी घेतली ती जातकातली, न्यग्रोधमृगाची. न्यग्रोध म्हणजे वड. काशीच्या राजाला रोज हरणाचं मांस लागतं. त्याच्या शिकारीपायी लोकांची कामं खोळंबतात, म्हणून लोक दोन कळप हाकून राजाच्या बागेत कोंडतात. एका कळपाचा म्होरक्या वडहरीण, दुसऱ्याचा शाखहरीण. रोजच्या पळापळीत नाहक जखमी व्हायला नको म्हणून दोघे ठरवतात, पाळी लावू. एक दिवस या कळपातलं हरीण, एक दिवस त्या कळपातलं.

इथे आम्ही थोडं थांबणार, तत्त्वज्ञानवाल्यांची खोड. ही पाळी अन्यायाची आहे का? सगळ्यांना मान्य आहे, चिठ्ठी कुणाचं तोंड बघत नाही, आणि जखमा कमी होतात. वर्गात विचारलं तर निम्मी मुलं म्हणायची, व्यवस्था चांगली आहे सर. मग पाळी येते गाभण हरिणीवर. ती म्हणते, पाळी एकीची आणि जाणार दोन जीव. पिल्लू होऊ दे, मग दोघांच्या दोन पाळ्या घ्या. शाखहरीण नियमावर बोट ठेवतो: तुझी पाळी दुसऱ्याला कशी देऊ? त्याचं काही चुकलं नाही, हेच तर अवघड आहे. वडहरीण नियम मोडत नाही, हरिणीच्या जागी स्वतःच ओंडक्यावर मान ठेवतो. खाटिक बिचकतो. या हरणाला तर राजाने अभय दिलेलं. राजा येतो, कारण विचारतो, दोघांना जीवदान देतो. पण वडहरीण तेवढ्यावर उठत नाही. बाकीच्या हरणांचं काय? इतर जनावरांचं, पाखरांचं, माशांचं काय?

नव्या प्रजासत्ताकाच्या सरकारी खात्याने पहिल्याच धड्याला ही गोष्ट घेतली. सत्ता असलेल्याने आपली मान पुढे करायची, हे सरकारी पैशाने मुलांना दाखवायचं! असं धाडस त्या खात्याकडून नंतर फार दिसलं नाही, असं आमचं मत.

चित्रपट आज फारसा कुणी बघत नाही. त्याचा वारसा माणसांत उतरला. राम मोहन यांनी पुढे जपानच्या युगो साको यांच्याबरोबर ‘रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ केला. त्याच युनिटमध्ये तयार झालेल्या भीमसेन यांच्या हातून १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ उतरला. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, संगीत वसंत देसाईंचं, आवाजात लहानगी साधना सरगम. जाळ्यासकट उडणारी ती पाखरंही जातकात आहेतच. दूरदर्शनमुळे ती घरोघर गेली. हरीण तेवढं मागे राहिलं.

आपल्या मानमोडीच्या लेण्यांत एक दानलेख आहे, त्यात वडाजवळची नऊ निवर्तनं जमीन संघाला दिल्याची नोंद आहे. दान देणाऱ्यांत इथल्या धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणीही होती. ही कथा त्या भिक्षूंच्या वर्षावासात इथे सांगितली गेली असेल, असं आम्हाला वाटतं. आणि ऐकणारे शेतकरी शेवटापाशी कान टवकारून बसले असतील. कारण मूळ जातक जीवदानापाशी संपत नाही. अभय मिळाल्यावर हरणं शेतात शिरतात, पीक खातात, आणि राजाज्ञेमुळे लोकांना त्यांना मारता येत नाही. लोक राजाकडे गाऱ्हाणं नेतात. राजा म्हणतो, शब्द दिलाय, राज्य गेलं तरी मोडणार नाही.

आपल्या उसातल्या बिबट्याची चर्चा इथेच येऊन अडते. २००१ नंतर जुन्नर वनविभागात बिबटे पकडून लांब सोडले; हल्ले उलट वाढले, असं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. आज ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला राजाचा शब्द सांगून चालत नाही, आणि आम्ही तो सांगायला आलेलो नाही.

जातकात तिढा सोडवतो तो पुन्हा वडहरीणच. आपल्या कळपाला बोलावून बजावतो, आजपासून दुसऱ्याचं पीक खायचं नाही. माणसांना निरोप धाडतो की कुंपण घालू नका, शेताच्या कडेने पानं बांधून खूण करा, तेवढी पुरे. बांधावर पानं बांधायची चाल तेव्हापासून पडली, असं कथाकार सांगतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.