इंग्रज, इंग्लिश, ब्रिटिश

* लेखकाने येथे ‘इंग्लिश’ हा शब्द जाणूनबुजून योजला आहे. आपल्या ‘इंग्रज’ या शब्दात ‘इंग्लिश’ आणि ‘ब्रिटिश’ यांतला भेद बुडतो. १९४८च्या कायद्याने वसाहतींतील प्रजेला ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क मिळाला. तेथे स्थायिक झालेल्यांच्या मुलांनी ‘ब्रिटिश’ हे नाव आपलेसे केले. ‘इंग्लिश’ म्हणजे गोरा, ही समजूत मात्र चिवट ठरली. इंग्लंड-वेल्सच्या २०११च्या जनगणनेत ५७.७ टक्के लोकांनी स्वतःला फक्त ‘इंग्लिश’ म्हटले, २०२१मध्ये १४.९ टक्क्यांनी. या घसरणीचे खापर स्थलांतरितांवर फोडणे मला साफ चुकीचे वाटते. दरम्यान प्रश्नावलीच बदलली होती: इंग्लंडमध्ये पर्यायांच्या यादीत पूर्वी ‘इंग्लिश’ पहिला असे, २०२१मध्ये तेथे ‘ब्रिटिश’ आला. — संपादक