गाभण आणि दुभत्या शेळीचा स्निग्ध आहार : प्रस्तावना

शेळीचा गर्भकाळ साधारण 150 दिवसांचा असतो, पण पोटातल्या करडांची बहुतेक वाढ शेवटच्या सहा-आठ आठवड्यांतच होते. नेमक्या त्याच वेळी वाढती करडे कोठीपोटाला दाबू लागतात आणि चारा मावेनासा होतो. व्याल्यावर दूध भराभर चढते, भूक मात्र काही आठवडे मागेच राहते. ऊर्जेची ही तूट शेळी अंगच्या चरबीतून भरून काढते. तूट फार वाढली की रक्तात किटोन साठतात, यकृत चरबीने जड होते आणि जुळी-तिळी पोटात असलेली शेळी खाणे सोडून बसून राहते. धाराशिव-लातूरकडच्या उस्मानाबादी शेळीला जुळी होणे नवलाचे नाही, त्यामुळे हा विषय आपल्या गोठ्याच्या अगदी जवळचा आहे.

थोड्या चाऱ्यात जास्त ऊर्जा कशी बसवायची, या प्रश्नातून स्निग्ध खुराकाचा अभ्यास सुरू होतो. वजनाला वजन धरले तर स्निग्ध पदार्थ पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा देतात. अडचण येते ती कोठीपोटात. मोकळे तेल जास्त झाले की तंतुमय चारा पचवणारे जिवाणू मंदावतात आणि कडब्याचे मोल घटते. यावर शोधलेला एक उपाय म्हणजे मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार, म्हणजेच बाजारातले बायपास फॅट. ते कोठीपोटात बहुतांशी अविद्राव्य राहते आणि पुढे चौथ्या कप्प्यातल्या तीव्र आम्लात सुटे होते. आपल्याकडची अख्खी सरकीही तेल हळूहळू सोडते. तिचे प्रमाण मात्र बेताचेच हवे, कारण तिच्यात गॉसिपॉल हा विषारी घटक असतो.

वाचकांनी एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी : शेळी म्हणजे लहान आकाराची गाय नव्हे. गाईला असंतृप्त तेले जास्त दिली तर दुधातली फॅट अनेकदा घसरते. शेळीत ती बहुधा वाढते. फ्रान्समधील ‘इन्रा’ या संशोधन संस्थेत इव्ह शिलियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक फार कसोशीने उलगडला. तिथे शेळीच्या दुधाचे चीज होते आणि दुधातली फॅट प्रथिनांपेक्षाही खाली गेली की चीज करणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून त्यांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला. दुधाचे माप मात्र स्निग्ध खुराकाने फारसे वाढत नाही. जास्त लिटरांच्या आशेने तुम्ही इकडे वळला असाल, तर हे आधीच सांगितलेले बरे.

गाभणपणाच्या शेवटाबद्दल तर आणखी सावधपणे वाचायला हवे. करडांना हवे असते ग्लुकोज, आणि स्निग्ध पदार्थांतून ते जवळजवळ मिळतच नाही. धान्याच्या भरड्यापासून कोठीपोटात जे प्रोपिऑनिक आम्ल तयार होते, मुख्यतः त्यातूनच शेळीचे यकृत ग्लुकोज घडवते. म्हणून व्यायच्या आधी भरडा काढून त्याजागी चरबी घालणे माझ्या मते चुकीचे आहे. चरबीला खरी जागा मिळते ती व्याल्यानंतर, तीही हळूहळू वाढवत, कारण नव्या चवीला शेळी लगेच तोंड लावत नाही.

नव्याने येणाऱ्याने आधी पोटाचे कप्पे समजून घ्यावेत, मग शरीराची चरबी आणि सर्वांत शेवटी दूध. चरबीच्या भागावर थोडे रेंगाळा. शेळी बरीचशी चरबी पोटाच्या आत साठवते. पाठीकडे पाहून तिचा अंदाज चुकतो, म्हणून कमरेबरोबर छातीचे हाडही चाचपून पाहायचे असते. या विषयातले पुष्कळ प्रयोग अल्पाइन आणि सानेन या युरोपीय जातींवर झाले आहेत. माळावर चरून येणाऱ्या संगमनेरी शेळीला त्यांतले आकडे जसेच्या तसे लावू नका. त्यांतली कारणमीमांसा घ्या, आणि खुराकाचे प्रमाण ठरवताना तुमच्या शेळीचा अंगलोट, पोटातल्या करडांची संख्या आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांतले दूध या तिन्हींची नोंद हाताशी ठेवा.