‘सिको’ आणि पंचवीस डॉलर

९ जुलै २००७. सीएनएनच्या ‘द सिच्युएशन रूम’ या कार्यक्रमात दिग्दर्शक मायकेल मूर यांची थेट मुलाखत होणार होती. तत्पूर्वी वाहिनीने डॉ. संजय गुप्ता यांचा एक वृत्तांत दाखवला. मूर यांच्या ‘सिको’ या माहितीपटातील आकड्यांची ती तपासणी होती. वृत्तांत संपताच मूर कडाडले आणि सूत्रसंचालक वुल्फ ब्लिट्झर यांना मूळ प्रश्नांकडे वळणे अवघड झाले.

‘सिको’चा विषय अमेरिकेतील आरोग्यविमा. गंमत अशी की विमा नसलेल्या कोट्यवधी लोकांना त्यात थोडीच जागा आहे; खरा भर आहे तो विमा असूनही उपचार नाकारले गेलेल्यांवर. डॉ. लिंडा पीनो यांनी १९९६ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिलेली साक्ष त्यात आहे. विमा कंपनीसाठी काम करताना आपण एका रुग्णाची शस्त्रक्रिया नाकारली, तो दगावला आणि कंपनीचे सुमारे पाच लाख डॉलर वाचले, असे त्यांनी तेथे सांगितले होते.

चर्चा मात्र दुसऱ्याच गोष्टीची झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर मदतकार्यात उतरून आजारी पडलेल्या काही जणांना मूर यांनी क्यूबात उपचारांसाठी नेले होते. २ मे २००७ रोजी अमेरिकी अर्थखात्याने निर्बंधभंगाच्या चौकशीचे पत्र मूर यांना धाडले. कान महोत्सवात चित्रपट दाखवला जाण्यापूर्वीच वृत्तपत्रांत क्यूबाची सहल गाजू लागली. विम्याचा प्रश्न मागे पडला.

परीक्षणे मात्र अपेक्षित रेषांवर विभागली गेली नाहीत. उजव्या विचारांच्या फॉक्स न्यूजचे रॉजर फ्रीडमन यांनी कानहून मनापासून स्तुती केली. एमटीव्हीचे कर्ट लोडर यांनी कठोर टीका केली. टीकाकारांचे काही मुद्दे रास्तही होते. कॅनडा आणि ब्रिटनमधील प्रतीक्षायाद्यांबाबत चित्रपट सोयीस्कर अबोल राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या क्रमवारीत अमेरिका ३७ वी होती, त्याच यादीत क्यूबा ३९ वा होता. जून महिन्याच्या अखेरीस गूगलच्या आरोग्य-जाहिरात विभागातील एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या ब्लॉगवर चित्रपटावर टीका करत, प्रतिमा सावरण्यासाठी जाहिराती घ्या, असे आरोग्यक्षेत्रातील कंपन्यांना सुचवले. ओरड झाल्यावर ते वैयक्तिक मत असल्याचा खुलासा करावा लागला.

आता पुन्हा सीएनएनकडे. क्यूबा दरडोई २५ डॉलर खर्च करतो असे मूर सांगतात, असे गुप्ता यांच्या वृत्तांतात म्हटले होते. चित्रपटातील आकडा होता २५१. ही चूक वाहिनीने मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी ‘लॅरी किंग लाइव्ह’वर गुप्ता व मूर समोरासमोर आले. उरलेला वाद असा: अमेरिकेचा दरडोई खर्च मूर यांच्या मते सुमारे ७,००० डॉलर, गुप्तांच्या मते ६,०९६; क्यूबाचा मूर यांच्या मते २५१, गुप्तांच्या मते २२९. दोघांनी निरनिराळ्या अहवालांतील आकडे घेतले होते. मूर यांचे आकडे धरले तर अमेरिकेचा खर्च क्यूबाच्या जवळपास अठ्ठावीस पट ठरतो, गुप्तांचे धरले तर सव्वीस-सत्तावीस पट. एवढ्या फरकावर दोन दिवस वाहिनीचा मौल्यवान वेळ खर्ची पडला!

जानेवारी २००९ मध्ये ओबामा यांनी सर्जन जनरल या पदासाठी गुप्ता यांचा विचार चालवल्याची बातमी आली, तेव्हा अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी याच प्रसंगाची आठवण करून देत नाराजी नोंदवली. मार्चमध्ये गुप्ता यांनी आपले नाव मागे घेतले. त्यांनी कारण कुटुंब आणि व्यवसायाचे दिले.

पडद्यामागची बाजू उघड झाली ती त्याच वर्षी जुलैमध्ये. सिग्ना या विमा कंपनीचे माजी जनसंपर्क प्रमुख वेंडेल पॉटर यांनी पत्रकार बिल मोयर्स यांना मुलाखत दिली. ते स्वतः पूर्वाश्रमीचे पत्रकार. ‘सिको’ निष्प्रभ करण्यासाठी विमा उद्योगाने संघटित मोहीम आखली होती, असे त्यांनी सांगितले. उद्योगाच्या पैशावर उभी राहिलेली, पण नागरिकांची वाटावी अशी एक संघटना पत्रकारांना टीकेचा मजकूर पुरवत होती. मूर यांना टोकाचे ठरवायचे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणे डेमोक्रॅटिक नेत्यांना धोक्याचे वाटावे, हा हेतू. चित्रपटाचा गाभा खरा होता, अशी कबुलीही पॉटर यांनी त्याच मुलाखतीत दिली.

२०१० साली पॉटर यांचे ‘डेडली स्पिन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि दूरचित्रवाणीवरूनच त्यांनी मूर यांची माफी मागितली. तोवर ओबामांचा आरोग्यसुधारणा कायदा संमत झाला होता. सरकारी विमायोजनेचा पर्याय त्यातून आधीच वगळला गेला होता.