बरगडी अस्सल कुणाची?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण डुकराच्या बरगड्या मंद आचेवर भाजायला तीन तास लागतात, त्यापुढे वाचायला लागणारी दहा मिनिटं काहीच नाहीत.

गेल्या रविवारी गच्चीवर शेगडी मांडली होती. थाई पद्धतीने बरगड्या भाजायचा बेत होता. पहिला धूर निघाला तसं एका मित्राने विचारलं, "अस्सल थाई आहे ना रे? की आपल्या चायनीजच्या गाडीसारखं?" मी ठोकून दिलं, "अस्सल." मग निखारे सांभाळत बसलो आणि बसल्या बसल्या स्वतःच्याच उत्तराचा विचार करायला लागलो. थायलंडचा इतिहास मी बऱ्यापैकी वाचलाय. त्यामुळे परातीतला एकेक जिन्नस समोर येऊन विचारायला लागला, "मी कधीपासून थाई?"

सुरुवात वाटणापासून करू. थाई स्वयंपाकात लसूण, कोथिंबिरीची मुळं आणि पांढरी मिरी या तिघांना 'साम क्लोअ' म्हणतात, म्हणजे तीन जिवलग. खलबत्त्यात हे तिघं कुटले की निम्मं काम झालं. (आपण जुडी आणली की मुळं कापून टाकतो. टाकू नका, धुऊन ठेवा. खरा वास तिथे आहे.)

यातल्या मिरीला थाई भाषेत 'प्रिक थाई' म्हणतात. शब्दशः थाई मिरी. गंमत अशी की मिरीचा वेल मूळचा आपल्या पश्चिम घाटातला, मलबारकडचा. मग तिच्या नावात 'थाई' कसं आलं? तर पूर्वी 'प्रिक' म्हणजे मिरीच होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अमेरिकेतली मिरची आशियात आणली. १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतलं, पुढच्याच वर्षी मलाक्का घेतलं, आणि त्याच १५११ मध्ये त्याचा दूत दुआर्ते फर्नांडिस सयामच्या राजधानीत, अयुथ्येत, पोचला. याच व्यापाराच्या वाटेने मिरची तिकडे गेली आणि इकडे आपल्याकडेही आली. सयामी लोकांना ती इतकी आवडली की 'प्रिक' हे नाव तिने पटकावलं. जुन्या मिरीला वेगळं ओळखायला 'थाई' हे आडनाव जोडावं लागलं. आपण मिरीवरून मिरची असा शब्द केला, त्यांनी नावच देऊन टाकलं.

म्हणजे मलबारहून आलेली मिरी झाली 'थाई', आणि अमेरिकेहून आलेल्या मिरचीशिवाय आज थाई जेवण डोळ्यासमोर येत नाही. इथवर सगळं गोड आहे. कारण मिरचीला कुणी कागदपत्रं विचारत नाही. माणसांचं तसं नसतं.

आता डुकराकडे येऊ. सयाममध्ये डुकराचं मटण आवडीने खात, पण बौद्ध श्रद्धेमुळे जनावर मारण्याचं काम अंगावर घ्यायला बरेच जण कचरत. ते काम केलं चिनी स्थलांतरितांनी. डुकरं पाळणं, कापणं, विकणं हा बँकॉकमध्ये मुख्यतः चिन्यांचा धंदा होता. खायला सगळे, पाप मात्र दुसऱ्याच्या खात्यावर. ही वाटणी आपल्याला नवीन नाही.

हे चिनी कालपरवा आलेले होते का? तर नाही. १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथ्या जाळली, त्यानंतर ज्याने देश पुन्हा उभा केला त्या राजा ताक्सिनचे वडील तेओचिऊ चिनी होते. १७८२ मध्ये पहिल्या रामाने नदीच्या पूर्व काठावर बँकॉक वसवायला घेतलं तेव्हा राजवाड्यासाठी निवडलेल्या जागेवर आधीपासून चिनी वस्ती होती. त्यांना उठवून थोडं दक्षिणेला सामपेंग भागात हलवलं. आजचा बँकॉकचा चायनाटाऊन तिथेच आहे. म्हणजे राजधानीची पहिली वीट रचण्याआधी पहिलं विस्थापन झालं, आणि ते डुक्कर विकणाऱ्या समाजाचंच.

पुढे एकोणिसाव्या शतकात बंदर, भातगिरण्या, कालवे, रेल्वे, सगळीकडे चिनी मजूर राबले. १९१० च्या जूनमध्ये चिन्यांनी डोईपट्टीच्या नव्या नियमाविरुद्ध तीन दिवस संप केला आणि बँकॉकचा बाजार ठप्प झाला. शहर कुणाच्या हातावर चाललंय हे त्या तीन दिवसांत सगळ्यांना कळलं. खरं तर आभार मानायला हवे होते. पण १९१४ मध्ये खुद्द राजा वजिरावुधने टोपणनावाने एक लेख लिहिला आणि त्यात चिन्यांना 'पूर्वेचे ज्यू' म्हटलं. युरोपातला द्वेष आयात केला, आणि त्यावर कसलंही जकातनाकं नव्हतं.

मग आले फील्ड मार्शल फिबुन. १९३८ च्या अखेरीस पंतप्रधान झाले, १९३९ मध्ये देशाचं नाव सयामचं थायलंड केलं, आणि १९४२ पर्यंत बारा 'सांस्कृतिक आदेश' काढले. देशाला काय म्हणायचं, कपडे कसे घालायचे, दिवसाचे तास कसे वापरायचे, सगळं सरकार सांगणार. हॅट घाला. विडा खाऊ नका. देशी माल घ्या. याच काळात चिनी शाळा बंद पडल्या, बहुतेक चिनी वर्तमानपत्रं बंद झाली, आणि अनेक धंदे फक्त थाई नागरिकांसाठी राखून ठेवले गेले.

पॅड थाय आपण सगळ्यांनी खाल्लंय. त्याला राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणलं ते याच सरकारने. युद्धामुळे आणि १९४२ च्या महापुरामुळे तांदळाची ओढाताण होती. म्हणून नूडल्स खा, नूडल्सच्या गाड्या लावा, असा सरकारी प्रचार सुरू झाला. आता नूडल्स चिनी, कढईत परतायची रीत चिनी. नाव तेवढं 'थाय'. ज्यांचा पदार्थ त्यांना बाजूला सारायचं आणि पदार्थ ठेवून घ्यायचा!

माझ्या परातीतही तेच. सोया सॉस चिनी, ऑयस्टर सॉस चिनी, डुक्कर चिन्यांनी बाजारात आणलेलं. माशाचं नाम प्ला आणि माडाचा गूळ हे मात्र त्याच मातीतले. हा गूळ आपल्याकडे गोव्यात मिळतो, मी तोच वापरतो.

आता शेगडीचं बघतो. निखारे एका कडेला सारलेत, बरगड्या दुसऱ्या कडेला, हाड खाली. वर मोठं पातेलं पालथं घातलंय. गुळामुळे मोठ्या आचेवर पाच मिनिटांत कोळसा होतो आणि आतलं मांस चिवट राहतं. हाडाला धरून ठेवणारा चिवटपणा वितळायला वेळच द्यावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. बँकॉकचे मू पिंगवाले, म्हणजे काडीला लावलेलं डुकराचं मटण भाजणारे, अधूनमधून नारळाचं दूध लावत राहतात. मीही लावतो. दुधाचा थेंब निखाऱ्यावर पडला की जो धूर उठतो त्यात निम्मी चव असते.

बरोबर खायला चिकट भात आणि 'जेओ' नावाची चटणी हवीच. सुकी मिरची, चिंच, नाम प्ला, आणि भाजून भरडलेला चिकट तांदूळ. ही दोन्ही ईसानची देणगी. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग (शब्द आपल्याच 'ईशान'वरून आलाय). कोरडी जमीन, मोठी लोकसंख्या, आणि भाषा लाओच्या जवळची. १८९३ मध्ये फ्रेंचांच्या दबावाखाली मेकाँग नदी ही सीमा ठरली आणि एकाच बोलीचे लोक दोन देशांत वाटले गेले. फिबुनच्या तिसऱ्या आदेशाने तर 'ईसान-थाई' वगैरे म्हणायचंच नाही, सगळे फक्त थाई, असं ठरवून टाकलं. नाव पुसलं म्हणून गरिबी काही पुसली गेली नाही.

१९५८ मध्ये अमेरिकेच्या पैशाने 'मैत्री महामार्ग' बांधला गेला. त्यानंतरच्या दशकांत त्या रस्त्याने लाखो ईसानी माणसं बँकॉकला आली. बांधकामावर, टॅक्सीवर, घरकामाला. सोबत चिकट भात, पपईचं सोम तम आणि कोळशाची शेगडी आली. शहरातले लोक आधी नाकं मुरडत होते, हे गावंढळांचं खाणं म्हणून. मग हळूहळू ऑफिसला जाता जाता रस्त्यावरून मू पिंग आणि भाताची पुडी घेणं ही बँकॉकची सकाळ झाली.

जेवण स्वीकारलं, पण माणसं? २०१० साली लाल शर्टवाले निवडणुका मागत बँकॉकमध्ये बसले. त्यात ईसान आणि उत्तरेकडचे खूप होते. शहरातले विरोधक त्यांना 'लाल म्हशी' म्हणत. तिकडे म्हैस म्हणजे ढ, अडाणी. त्या वर्षी एप्रिल-मेच्या कारवाईत आणि चकमकींत नव्वदहून जास्त माणसं मेली. त्यांना म्हशी म्हणणाऱ्यांपैकी कितीजण सकाळी त्यांच्याच हातचं मू पिंग खाऊन घराबाहेर पडत असतील!

आणि २०१७. सीएनएनने रस्त्यावरच्या खाण्यासाठी जगातलं सर्वोत्तम शहर म्हणून लागोपाठ दुसऱ्या वर्षी बँकॉकचं नाव घेतलं. थोड्याच आठवड्यांत महापालिकेने जाहीर केलं की पदपथ मोकळे करायचे, गाड्या हटवायच्या. जगभरातून ओरड झाली तेव्हा याओवारात आणि खाओ सान हे दोन भाग वगळले. दोन्ही पर्यटकांचे. बाकी कामगारांच्या गल्ल्यांना कोण वाली? त्याच डिसेंबरात बँकॉकची पहिली मिशेलिन यादी आली आणि जे फाय या साध्या, कोळशावर चालणाऱ्या दुकानाला तारा मिळाला. एका हाताने तारा, दुसऱ्या हाताने हकालपट्टी, वर्ष एकच.

पदपथ चालणाऱ्यांसाठी हवेत हे मलाही मान्य आहे. म्हातारं माणूस रस्त्यावर उतरून चालतं तेव्हा माझाही जीव वर-खाली होतो. पण जागा आखून देणं वेगळं आणि उठवून लावणं वेगळं. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा नेमकं हेच सांगतो: आधी सर्वेक्षण, मग जागा, मग नियम. आपण मात्र सुरुवात बहुतेक वेळा टेम्पो आणून गाडी उचलण्यापासून करतो, आणि लगेच विचारतो, "हे आले कुठून?"

कुठून आले हा प्रश्न विचारायचाच तर वडापावलाही विचारा. बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, पाव पोर्तुगीजांचा. तरी तो आपला आहे आणि राहणार, त्यात मला शंका नाही. पदार्थाला आपण एवढ्या मोठ्या मनाने आपलं म्हणतो, मग तो करणाऱ्या हाताशी इतका हिशेब का?

तीन तासांनी बरगड्या उतरवल्या. शेवटची वीस मिनिटं गुळाचा हात दिला होता, वरून तांबूस चमक आली. हाड नुसतं फिरवलं तर सुटून हातात आलं. मित्राने चटणीत बुडवून पहिला घास घेतला आणि पुन्हा तेच विचारलं, "मग, अस्सल ना?"

म्हटलं, "हो, अस्सल. मलबार, गोवा, मेक्सिको, चीन आणि ईसान, सगळ्यांचं अस्सल."

तो म्हणाला, "लेक्चर नको, अजून दोन वाढ."

वाढल्या. पण लेक्चर राहून गेलं होतं, ते इथे दिलं.