उमेदवार मनोरंजनाच्या दारी

१६ सप्टेंबर १९६८. सोमवारची रात्र. एनबीसी वाहिनीवर ‘रोवन अँड मार्टिन्स लाफ-इन’च्या दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग चालू होता. अंगावर येणारा वेग, दोन-दोन ओळींचे विनोद, नाच, भडक रंग असा तो कार्यक्रम. ‘सॉक इट टू मी’ हे त्याचं पालुपद. हे शब्द उच्चारले की उच्चारणाऱ्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी पडायचं, नाहीतर पायाखालची फळी सरकायची. त्या रात्री चेहऱ्यांच्या त्या धबडग्यात एक चेहरा काही सेकंद दिसला, तेच शब्द प्रश्नार्थक सुरात म्हणाला आणि गेला. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन! त्यांच्या डोक्यावर मात्र पाणी पडलं नाही.

एवढ्याशा वाक्याचं चित्रण सहा वेळा करावं लागलं, असं निर्माते जॉर्ज श्लॅटर पुढे सांगत असत. दर वेळी निक्सन चिडल्यासारखे वाटायचे. त्यांना तिथे आणलं ते पॉल कीज यांनी. कीज या कार्यक्रमाचे लेखक आणि निक्सन यांचे स्नेही. डेमोक्रॅटिक उमेदवार ह्युबर्ट हम्फ्री यांनाही बोलावणं गेलं होतं, पण त्यांच्याकडून नकार आला. नोव्हेंबरात निक्सन सुमारे पाच लाख मतांच्या आघाडीने जिंकले. हम्फ्री यांचा तो नकार त्यांना महागात पडला, असं श्लॅटर यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. व्हिएतनामचं युद्ध, शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी चालवलेल्या लाठ्या, दक्षिणेत तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी खेचलेली मतं हे सगळं त्या काही सेकंदांपेक्षा कितीतरी जड होतं. पण आज अमेरिकेतला प्रत्येक उमेदवार विनोदी कार्यक्रमांच्या आणि गप्पांच्या मंचावर हजेरी लावतो, त्या प्रथेची कुळकथा सांगायची तर या रात्रीपाशी थांबावंच लागतं.

या प्रथेचं मूळ अर्थात त्याहून जुनं आहे. १९२०मध्ये वॉरन हार्डिंग ओहायोतल्या मॅरियन गावी आपल्या घराच्या ओसरीवरून प्रचार करत होते. ऑगस्टमध्ये गायक-नट अल जोल्सन रंगभूमीवरच्या मंडळींना घेऊन तिथे पोचला आणि हार्डिंग यांच्यावर रचलेलं गाणं त्याने ओसरीसमोर म्हटलं. चार वर्षांनी कॅल्विन कूलिज यांच्यासाठी एडवर्ड बर्नेस यांनी हाच प्रकार जरा जास्त विचारपूर्वक घडवून आणला. बर्नेस म्हणजे जनसंपर्काचा धंदा नावारूपाला आणणाऱ्यांपैकी एक. कूलिज अबोल, कोरडे म्हणून प्रसिद्ध. तेव्हा जोल्सन आणि इतर कलावंतांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावलं, पॅनकेक वाढले, वर्तमानपत्रांना बातमी पुरवली. ज्या उमेदवाराबद्दल लोकांना जिव्हाळा वाटत नाही, त्याला तो कलावंताकडून उसना मिळवून द्यायचा, ही कल्पना इथे पहिल्यांदा नीट आकाराला आलेली दिसते. फक्त तोवर कलावंत नेत्याच्या दारी येत होते. पायवाट उलटी फिरली ती टेलिव्हिजनमुळे.

१९५२मध्ये आयझेनहॉवर यांच्या प्रचाराला रॉसर रीव्हज हा जाहिरातवाला लागला. ॲनासिनच्या गोळ्या खपवणारा. त्याने जनरलसाहेबांना न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत एक दिवस बसवलं आणि उत्तरं तेवढी चित्रित करून घेतली. प्रश्न विचारणारी माणसं नंतर शोधली, रेडिओ सिटी म्युझिक हॉल पाहायला आलेल्या पर्यटकांमधून. पुढे दोन्ही तुकडे जोडले. पडद्यावर दिसतं की एक साधी बाई महागाईबद्दल विचारते आहे आणि आयझेनहॉवर तिला उत्तर देत आहेत. प्रत्यक्षात दोघं एकमेकांसमोर आलेच नव्हते. या कथेत मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते. प्रश्नाआधी उत्तर तयार, आणि प्रश्नकर्ता त्या उत्तराच्या मापाने निवडलेला.

त्याच वर्षी आयझेनहॉवर यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार असलेले निक्सन गोत्यात आले. देणगीदारांनी त्यांच्यासाठी खासगी निधी उभारल्याची बातमी फुटली आणि त्यांना उमेदवारीवरून हटवा अशी मागणी होऊ लागली. २३ सप्टेंबरच्या रात्री, मिल्टन बर्ल यांचा लोकप्रिय विनोदी कार्यक्रम संपताच, हॉलिवूडमधल्या एल कॅपिटन नाट्यगृहातून ते देशाशी बोलले. घराचं कर्ज, पत्नीचा साधा कापडी कोट, मुलींना भेट मिळालेलं चेकर्स नावाचं कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू काही झालं तरी परत करणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. सुमारे सहा कोटी लोकांनी ते पाहिलं, तारांचा पाऊस पडला आणि उमेदवारी वाचली. पत्रकारांचे प्रश्न ओलांडून थेट दिवाणखान्यात जाता येतं, हे निक्सन यांना तेव्हा कळलं.

आठ वर्षांनी त्याच टेलिव्हिजनने त्यांना पाडलं, असं आजही मानलं जातं. केनेडी यांच्याबरोबरच्या पहिल्या जाहीर वादात त्यांचा आजारातून उठलेला, घामेजलेला चेहरा सगळ्या देशाने पाहिला. केनेडी मात्र त्याआधीच, जूनमध्ये, जॅक पार यांच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात जाऊन आले होते. त्यातून एक वेगळंच प्रकरण उभं राहिलं. १९३४च्या दळणवळण कायद्याचं कलम ३१५ सांगतं की प्रसारण केंद्राने एका उमेदवाराला वेळ दिला तर मागणी करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यालाही तितकीच संधी दिली पाहिजे. शिकागोचे लार डेली दर निवडणुकीला उभे राहायचे आणि अंकल सॅमचा पोशाख घालून हिंडायचे. त्यांनी या कलमाचा आग्रह १९५९मध्ये इतका धरला की अमेरिकी काँग्रेसला कायदा बदलून बातम्या आणि बातम्यांच्या मुलाखती यांना सूट द्यावी लागली. पण पार यांचा कार्यक्रम बातम्यांचा नव्हता. डेलींनी बोट ठेवलं, एनबीसीला मान तुकवावी लागली आणि केनेडींनंतर पार यांच्या मंचावर डेली आले. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. कायद्यातला समान शब्द त्यांनी शब्दशः घेतला होता.

१९६२मध्ये निक्सन कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूकही हरले. एबीसी वाहिनीने त्यांच्या राजकीय मृत्युलेखाचा कार्यक्रमच दाखवला. पुढच्या मार्चमध्ये हा ‘मृत’ माणूस पार यांच्या कार्यक्रमात पियानोवर बसला आणि व्हायोलिनांच्या साथीत स्वतःची रचना त्याने वाजवली. ते चित्रण पाहावं. खांदे आवळलेले, पण बोटं बिनचूक.

१९६८च्या मोहिमेआधी माइक डग्लस यांच्या दुपारच्या कार्यक्रमाच्या निर्मात्याशी निक्सन यांची गाठ पडली. निवडून येण्यासाठी टेलिव्हिजनसारख्या क्लृप्त्या वापराव्या लागतात हे दुर्दैव, अशा अर्थाचं काहीतरी निक्सन बोलून गेले. विशीतल्या त्या निर्मात्याने त्यांना तिथल्या तिथे खोडून काढलं. त्याचं नाव रॉजर एल्स. निक्सन यांनी त्याला कामावर घेतलं. निवडलेले नागरिक, टाळ्या वाजवणारा प्रेक्षकवर्ग आणि मध्ये उभा उमेदवार, अशा बैठका एल्सने शहरोशहरी बसवल्या. पत्रकारांना स्टुडिओत प्रवेश नसे. १९९६मध्ये फॉक्स न्यूज वाहिनी उभी केली ती याच एल्सने.

बिल क्लिंटन यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. ३ जून १९९२, आर्सेनिओ हॉल यांचा कार्यक्रम, काळा गॉगल, सॅक्सोफोनवर एल्विसचं ‘हार्टब्रेक हॉटेल’. तेव्हा त्यांची पक्षाची उमेदवारी नुकतीच पक्की झाली होती, पण जनमत चाचण्यांत ते अध्यक्ष बुश आणि अपक्ष रॉस पेरो यांच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर होते. पेरो यांनीही निवडणूक लढवण्याची तयारी लॅरी किंग यांच्या गप्पांत दाखवली होती. कूलिज यांचा कोरडेपणा, निक्सन यांचे पराभव, क्लिंटन यांचा तिसरा क्रमांक. या दाराशी उमेदवार येतो तो बहुतेक वेळा अडचणीत असतानाच. म्हणूनच यजमानाने कोणते प्रश्न विचारले यापेक्षा कोणते टाळले, ते मला पाहावंसं वाटतं.

मग कायदाच सरकला. २००३मध्ये अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी जे लेनो यांच्या कार्यक्रमात जाहीर केली. २००६मध्ये ते पुन्हा तिथे आले तेव्हा प्रतिस्पर्ध्याने समान वेळ मागितला. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने निकाल दिला की लेनो यांनी घेतलेली मुलाखत ही बातम्यांची मुलाखत आहे, कलम लागू नाही. ज्या फटीतून डेली आत शिरले होते, ती तेव्हा बुजली.

विनोदी नाटुकल्यांना मात्र कलम अजून लागतं. २ नोव्हेंबर २०२४ला कमला हॅरिस ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये आरशापुढच्या एका प्रसंगात दिसल्या. दुसऱ्या दिवशी एनबीसीने मोटार शर्यतीच्या आणि फुटबॉलच्या प्रसारणात डोनाल्ड ट्रम्प यांना वेळ दिला. त्याच्या आठवडाभर आधी, २५ ऑक्टोबरला, ट्रम्प जो रोगन यांच्या पॉडकास्टवर जवळजवळ तीन तास बोलत होते. रोगन विनोदी कलाकार आणि मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींचे समालोचक. ती मुलाखत इंटरनेटवरून गेली. तिला प्रसारणाचा परवाना लागत नाही, त्यामुळे कलम ३१५ तिथे पोचत नाही. त्या तीन तासांच्या बदल्यात कायद्याने कुणाला एक मिनिटही द्यावं लागलं नाही.